खांदा दुखतोय? मशीनला पैसे देण्याआधी हे वाचा



मृग जवळ आला. मृगाच्या दिवशी बेगम बाजारच्या मासळी बाजारात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तिकडे नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर दम्याच्या औषधासाठी जिवंत मरळीचं पिल्लू गिळायला रांगा, आणि इकडे आपल्याकडे रोहू, कटला, मरळ घ्यायला पाय ठेवायला जागा नाही. अख्ख्या शहराला त्या दिवशी मासाच खायचा असतो. वर्षाची चांगली कमाई याच दोन-चार दिवसांत होते. आणि नेमक्या त्याच दिवसांत हात वर जात नाही म्हणून घरी बसायची पाळी काही जणांवर येते. म्हणून हा विषय आत्ता घेतलाय.

कार्यालयात उचल मागायला येणाऱ्यांत हल्ली एक कारण सारखं ऐकू येतंय. खांदा. चिठ्ठी बघितली तर दहा सिटिंग, पंधरा सिटिंग, "अल्ट्रासाउंड" असं लिहिलेलं. माणूस रोज सकाळचा बाजार सोडून जातो, पाच-सात मिनिटं खांद्यावर मशीन फिरवून घेतो, पैसे देतो आणि परत येतो. पंधरा दिवसांनी विचारलं तर म्हणतो, लावल्यावर बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा तेच. मशीनचे पैसे एक गेले आणि बुडालेला रोज दुसरा गेला. मग आम्ही जाणकारांना विचारलं, वाचलं, आणि जे समजलं ते इथे मांडतोय. आम्ही डॉक्टर नाही. हे वाचून डॉक्टरकडे जायचं टाळू नका, पण जाताना काय विचारायचं ते तरी कळेल.

आधी दुखणं काय आहे ते बघू. आपण सरसकट म्हणतो "नस दबली". बहुतेक वेळा नस नसतेच. खांद्याच्या गोळ्याला चार छोटे स्नायू चारी बाजूंनी धरून ठेवतात, आणि ते हाडाला जिथे चिकटतात तिथे दोरीसारखा चिवट भाग असतो. त्याला कंडरा म्हणतात, डॉक्टर टेंडन म्हणतात. वरच्या बाजूची कंडरा खांद्याच्या छपराखालून, अगदी अरुंद जागेतून जाते. सगळ्यात जास्त तीच कुरकुरते. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते, पूर्ण वर गेला की कमी होते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मागे हात नेऊन खिशातलं पाकीट काढताना जीव जातो. ही ओळखीची लक्षणं.

आपल्या धंद्यात हे का होतं ते उघड आहे. फेकजाळं टाकणं, पाण्याने जड झालेलं जाळं ओढणं, बर्फ-मासळीचा क्रेट डोक्याच्या वर उचलून टेम्पोत टाकणं, आणि कापणाऱ्यांचं तर सकाळपासून ओंडक्यावर सुरा मारणं. त्यातही कामापेक्षा कामातली उडी जास्त नडते. चार महिने हलकं काम, आणि मृगाला एकदम तिप्पट. कंडरेला हळूहळू वाढलेलं ओझं चालतं, एका रात्रीत वाढलेलं चालत नाही.

आता अल्ट्रासाउंड. इथे मोठा घोळ आहे, कारण एकाच नावाची दोन वेगळी मशीनं आहेत. एक बघायचं, एक शेकायचं.

बघायचं मशीन म्हणजे सोनोग्राफी. समुद्रावरच्या बोटीत मासे शोधायचा इको साउंडर असतो ना, तेच तत्त्व. आवाज खाली सोडायचा, मासळीच्या थव्यावर किंवा तळावर आपटून परत आलेला आवाज ऐकायचा आणि पडद्यावर चित्र काढायचं. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मासे शोधायच्या यंत्रात बहुधा ५० हजार किंवा २ लाख कंपनं वापरतात. खांद्याच्या सोनोग्राफीत साधारण ७० लाखांपासून दीड कोटीपर्यंत. कंपनं जितकी जास्त तितकं चित्र बारीक, पण खोल जात नाही. कंडरा कातडीखाली फार खोल नसते, म्हणून जमतं. आणि ते गार चिकट जेल कशाला लावतात? आवाज पाण्यातून छान जातो, पण मध्ये हवेची फट असली की तिथूनच परत फिरतो. जेल ती फट भरतं. औषध-बिषध काही नसतं त्यात.

या सोनोग्राफीचा खांद्याला खरा उपयोग आहे. कंडरा आरपार फाटली असेल तर जाणकार माणसाच्या हातात ती जवळजवळ एमआरआयइतकंच नेमकं सांगते, आणि खर्च बराच कमी. शिवाय हात हलवत असताना आत काय होतंय ते तिथल्या तिथे दिसतं, दुसऱ्या खांद्याशी ताडून बघता येतं. अर्धवट फाटलेलं ओळखण्यात मात्र ती कमी पडते, आणि हाडाच्या आतलं तिला दिसत नाही. करणारा खांद्याच्या तपासणीत मुरलेला हवा, नाहीतर चित्र असून उपयोग नाही.

कोणी विचारेल, मग डॉक्टर हे मशीन घेऊन बाजारातल्या शिबिरात का येत नाहीत? कारण गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा. त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते आणि ते वाटेल तिथे उचलून नेता येत नाही. खांदा बघायचा असला तरी नियम तोच. कायदा योग्यच आहे, आमची काही तक्रार नाही. आपल्याला केंद्रावर जावं लागेल, एवढंच.

सोनोग्राफीबद्दल एक सावधगिरी. साठीच्या पुढच्या बऱ्याच माणसांच्या खांद्यात कंडरा थोडीफार फाटलेली असते आणि त्यांना काडीचंही दुखत नसतं. तेव्हा रिपोर्टवर "टेअर" शब्द दिसला म्हणून लगेच ऑपरेशनचा हिशेब मांडू नका, जमीन-दागिना गहाण टाकायला तर मुळीच धावू नका. हाताची ताकद किती, दुखणं कसं सुरू झालं, वय काय, हे रिपोर्टइतकंच महत्त्वाचं.

आता शेकायचं मशीन, ज्याच्यासाठी आपले लोक सिटिंग भरतात. ते चित्र काढत नाही. सेकंदाला दहा लाख किंवा तीस लाख कंपनांचा आवाज आत सोडतं, त्याने आत थोडी ऊब तयार होते आणि पेशींना बारीक हादरा बसतो. (चिकटपट्ट्या लावून मुंग्या आणतात तो "करंट" वेगळा, त्याला यात धरू नका.) हे मशीन काही लबाडी नाही, जगभर कित्येक वर्षं वापरात आहे. पण नेहमीच्या कंडरेच्या दुखण्यात व्यायामाला जोड म्हणून ते लावलं तर खूप जास्त फायदा होतो, असं अभ्यासांत काही ठामपणे दिसत नाही. एका विशिष्ट दुखण्यात थोडा फायदा दिसला आहे. काहींच्या कंडरेत चुन्यासारखा थर साठतो, त्याच्यात. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये त्यावरचा अभ्यास छापला. २४ सिटिंग, प्रत्येक १५ मिनिटांचं, काहींना खरं मशीन आणि काहींना नुसतं दाखवायला. खऱ्या मशीनवाल्यांत चुना जास्त विरघळला, सिटिंग संपली तेव्हा दुखणंही जास्त कमी होतं. पण नऊ महिन्यांनी दुखण्यात दोन्हीकडे फारसा फरक राहिला नाही. तेही नीट १५ मिनिटांचं सिटिंग देऊन. आपल्याकडे पाच मिनिटांत उरकतात ते कशासाठी, हा प्रश्न तुम्हीच तिथे विचारा.

मग बरं कशाने होतं? व्यायामाने, आणि काम बेताने करण्याने. ऐकायला फुकटचं वाटतं म्हणून कोणी मनावर घेत नाही, ही आमची खरी अडचण. पैसे घेतलेला उपचारच खरा, असं डोक्यात बसलंय.

ब्रिटनमध्ये ७०८ जणांवर एक मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली. सगळे कंडरेच्या दुखण्याचे. अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टने सहा भेटींपर्यंत बोलावून व्यायाम वाढवत नेले. बाकीच्यांना एकदाच बसवून नीट समजावलं, घरी करायचे व्यायाम शिकवले. वर्षभराने दोन्हीकडे सुधारणा झालेली, आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. आपल्यासारख्यांना याहून मोठी बातमी नाही! म्हणजे रोज धंदा सोडून जायची गरज नाही. एकदा चांगल्या फिजिओकडे जा, व्यायाम डोळ्यांसमोर करून घ्या, आणि घरी इमानदारीत करा. त्याच चाचणीत काहींना सूज कमी करायचं इंजेक्शनही दिलं होतं. दोन महिन्यांपर्यंत थोडा आराम जास्त, पुढे काही नाही. ज्यांना शुगर आहे त्यांनी हे इंजेक्शन घेताना डॉक्टरांना आधी सांगायचंच, कारण त्याने काही दिवस साखर चढते.

व्यायाम कोणते? दुखणं ताजं आणि रात्रीची झोप मोडणारं असेल तेव्हा चांगला हात हातगाडीवर टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल लोंबकळू द्या आणि छोटे झोके द्या. दोन मिनिटं पुरे. पुढचा व्यायाम खांबाचा. कोपर काटकोनात वाकवून अंगाला लावा, खांबाच्या बाजूला उभे राहा आणि मनगटाची बाहेरची बाजू खांबावर दाबून धरा. हात हलवायचा नाही, नुसता जोर. निम्म्या ताकदीने, तीस सेकंद, पाच वेळा. हे गिऱ्हाईक नसताना ओट्यावर उभ्याउभ्या होतं. ते सोपं वाटायला लागलं की सायकलची जुनी ट्यूब. एक टोक खांबाला कमरेच्या उंचीवर बांधा, कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेलची घडी धरा, आणि हात बाहेरच्या बाजूला हळू फिरवा. तीन मोजत बाहेर, तीन मोजत परत. झटका नको. दहा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. शेवटी भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेणं आणि भिंतीवरचे दंड.

दुखेल का? थोडं दुखेल. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं तर चालतं. सकाळी जास्तच ठणकत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, कमी करा, बंद करू नका. आणि धीर धरा. कंडरा स्नायूपेक्षा सावकाश सुधारते, बारा आठवडे धरून चाला. दहा दिवसांत सोडून "काही गुण नाही" म्हणणारे आमच्या बघण्यात बरेच आहेत.

हैदराबादेत जागोजाग "पुत्तूर कट्टू"च्या पाट्या आहेत. त्याबद्दलही विचारणा होते. हाड मोडल्यावर काय करायचं तो वेगळा विषय, एक्स-रे काढून ठरवा. पण न मोडलेला, नुसता दुखणारा खांदा आठवडेच्या आठवडे पट्टीत बांधून ठेवला तर तो आखडतो. मग दोन दुखणी होतात. तेल चोळायला हरकत नाही, बरं वाटतं, पण फाटका भाग तेलाने जुळत नाही.

आखडण्यावरून आठवलं. कापायला बसणाऱ्या आपल्या एक मावशी कित्येक महिने खांदा दुखतोय म्हणून गोळ्या खात होत्या. केस विंचरता येईनात, पदर मागून घेता येईना. स्वतःहून सोडाच, दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नव्हता. हा कंडरेचा नाही, आखडलेल्या खांद्याचा प्रकार, याला फ्रोजन शोल्डर म्हणतात. चाळिशी ते साठीत होतो, आणि शुगरवाल्यांत जास्त. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर साखर वाढलेली निघाली, त्यांना पत्ताच नव्हता. खांद्याने शुगर दाखवून दिली म्हणायची. म्हणून चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आमचं सांगणं आहे, खांदा आखडला तर एकदा साखर तपासून घ्या. आणि गोळ्या मेडिकलवरून आपल्या मनाने आणून महिनोन्महिने खाऊ नका, त्या मूत्रपिंडाला भोवतात.

थांबायचं कधी नाही, तेही लिहितो. क्रेट उचलताना खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि त्यानंतर हात उचलताच येत नाही, तर व्यायाम करत बसू नका. अशा फाटण्यावर ऑपरेशन करायचं झालं तर लवकर केलेलं चांगलं असतं. ताप आणि खांदा लाल-गरम, पडल्यावर आकार बदलला, हाताला बधिरपणा, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी जा. आणि डावा खांदा दुखतोय, सोबत छातीत दाब, घाम, दम लागतोय, तर ते खांद्याचं दुखणं नाही असंच धरून थेट हॉस्पिटल गाठा.

हॉस्पिटल आपल्याला लांब नाही. उस्मानिया जनरल अफझलगंजला, बाजारातून चालत जाता येईल इतकं. त्याच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन जानेवारी २०२५ मध्ये गोशामहलला झालं, ते तर आणखी शेजारी. हाडांचा विभाग आणि फिजिओथेरपी दोन्ही सरकारी दरात मिळतं. रांग आहे, सकाळ जाते, कबूल. पण एक सकाळ, पंधरा नाही.

संस्थेपुरतं काय ठरलं ते कळवतो. खांद्याच्या उपचाराला उचल आधीसारखीच मिळेल, कोणाची अडवणार नाही. फक्त सिटिंगसाठी मागताना चिठ्ठीवर व्यायाम लिहिलेले असावेत. नसतील तर डॉक्टरांकडून लिहून आणा. कार्यालयाबाहेरच्या खांबाला ट्यूब बांधून ठेवली आहे, कोणीही वापरा, कापून नेऊ नका. मृगाच्या आठवड्यात टेम्पोपाशी लाकडी फळीचा उतार लावणार आहोत, क्रेट डोक्यावर न उचलता सरकवून चढवायचे. भरलेला क्रेट दोघांनीच धरायचा. आणि कापणाऱ्यांनी ओंडक्याची उंची एकदा बघून घ्या. सुरा मारताना कोपर खांद्याच्या रेषेत वर जात असेल तर ओंडका उंच आहे, खाली वीट असेल ती काढा किंवा बसायचा पाट वाढवा.