डायलिसिसचा रुग्ण घरात असेल तर आधी मिठाचा हिशेब



गावोगाव फिरताना हळदीच्या कंदकुजीबरोबर आता हाही प्रश्न कानावर येतो, "साहेब, आमच्या बापूंचं डायलिसिस चालू आहे, पाणी किती द्यावं?" औषधपाणी डॉक्टरांनीच सांगायचं. पण दोन डायलिसिसच्या मधले दिवस रुग्ण घरीच काढतो आणि तिथला हिशेब घरच्यांच्याच हाती असतो.

भारी काळ्या रानाला निचरा नसेल अन् पाणी वाजवीपेक्षा दिलं, तर क्षार वर येतात, रान चिबडतं. मूत्रपिंड म्हणजे शरीराचा चर. तो बुजला की मीठ आणि पाणी दोन्ही आतच तुंबतात. साधारण ८ ग्रॅम मीठ अंगात साठलं की त्याच्यासोबत लिटरभर पाणी अडकतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन.

म्हणून नुसतं "पाणी पिऊ नका" म्हणून भागत नाही. खारट खाल्लं की तहान लागणारच, ती दटावून थांबत नाही. आधी मीठ तोडा. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. लोणचं, पापड, खारे दाणे, शेव-फरसाण बंद. ठेचा-चटणी बिनमिठाची वेगळी काढा. खायचा सोडा आणि पापडखार यांतही सोडियम असतंच. उपासाचं सैंधव हेही मीठच. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. ते या रुग्णाच्या हृदयाला घातक ठरू शकतं, ते घरात आणूच नका. चवीला लसूण, जिरं, मिरं, थोडं लिंबू आहेच.

आता पाणी. लघवी बंद झालेल्या रुग्णाला डॉक्टर साधारण अर्धा ते पाऊण लिटर सांगतात. लघवी होत असेल तर तेवढी त्यात धरतात. यात चहा, ताक, वरण, कढी, आंबील सगळं आलं. सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरून ठेवा. चहा दिला की कपभर पाणी बाटलीतून काढून टाका. बाटली संपली की दिवसाचा कोटा संपला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घसा कोरडा पडला तर चूळ भरावी किंवा बर्फाचा लहान खडा चघळावा. बर्फही हिशेबात धरा. शहाळं आणि उसाचा रस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी एकदम सोडलं तर नदीकाठ धोक्यात येतो, तसंच इथं आहे. यंत्रानं दर तासाला, दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी काढू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. ५० किलोच्या माणसाचं चार तासांत अडीच लिटरच्या आसपास निघेल. तो चार किलो वाढवून आला तर? ओढून काढलं की रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, हृदयावर ताण पडतो. राहू दिलं तर ते पाणी फुप्फुसात उतरतं. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेलं 'कोरडं वजन' लिहून ठेवा, रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत मांडा. ५० किलोच्या माणसाची वाढ दोन किलोच्या आत राहिलेली बरी.

सर्वांत जपायचं ते लांबलेल्या खाड्यात. आठवड्यात तीन पाळ्या असल्या तरी एकदा दोन दिवस रिकामे जातात. दोनच पाळ्या असतील तर तीन. लग्नाची पंगत नेमकी तेव्हाच येते. पाहुण्यांनीही आग्रह करू नये. भाडं नाही, सोयाबीनची काढणी आहे, म्हणून पाळी चुकवणं तर जिवावरचं आहे.

खर्चासाठी दोन वाटा आहेत. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, त्यात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सेवा मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. रेशनकार्ड व आधार घेऊन हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

शेवटचं, पण पक्कं ध्यानात ठेवा. धाप लागली, आडवं झोपता येईना, उठून बसावं लागलं, तर पाळीच्या दिवसाची वाट पाहू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा.