'कोणीही नाही' असा दाखला
मी ना वकील, ना डॉक्टर. कायदे वाचत वाचतच शिकलो. तुरुंगातील मनोरुग्णांविषयी टिपणे काढताना आसामच्या माचांग लालुंग यांच्यापाशी दर वेळी थांबतो. 1951 मध्ये अटक, पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात रवानगी. 1967 मध्ये ते बरे असल्याचा दाखला मिळाला. सुटका झाली 2005 मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. खटला चाललाच नाही.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 103 सांगते, की प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवे. शिवाय तुरुंगात कोणीही मनोरुग्ण कैदी नाही, असे तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मंडळाला प्रमाणित करून कळवायचे. हेतू चांगला: आजारी कैद्याला उपचाराच्या जागी हलवावे. पण पुरुषाची चिडचिड, मुलांपासून तुटलेल्या बाईचे मौन गजांआड 'स्वभाव' म्हणून खपून जाते. तपासणारा जाणकार नसेल, तर 'कोणी नाही' याचा अर्थ 'कोणी पाहिले नाही' एवढाच उरतो. लालुंग यांच्याकडे 38 वर्षे कोणी पाहिले नव्हते. म्हणून असा दाखला दिसला, की मी आधी विचारतो: तपासले कोणी?