दुखते कंबर, डाग भलतीकडे

देवगाव रंगारीसारख्या गावात कुणी कंबर दुखते म्हणून सांगितले तर त्याचे कुणालाच नवल वाटत नाही. हा भाग कापसाचा नि मक्याचा. वेचणीला गेलेली बाई संध्याकाळी कंबर धरूनच घरी येते. मग शेक, तेल, मेडिकलमधली एखादी गोळी. उसण भरली असेल तर पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा. बहुतेकांचे यावर भागतेही, कारण बहुतेकांचे दुखणे स्नायूंचे, नाहीतर मणक्यांचे असते. आणि म्हणूनच जे दुखणे तसे नसते, ते ओळखायला फार उशीर होतो.

समजा, अशाच एखाद्या घरातली तिशीतली सून आहे. कंबर दुखते, या तक्रारीकडे महिनोन्‌महिने कुणी लक्ष दिलेले नाही. मग एक दिवस ती म्हणते, पायातली चप्पल कधी निसटली ते कळलेच नाही. आंघोळीचे पाणी एका पायाला कढत लागते, दुसऱ्याला कोमट. पोटाभोवती कुणी पट्टा आवळून बांधल्यासारखे वाटते. मान खाली घातली की पाठीतून सरसरत विजेचा झटका जातो. लघवीला बसले तरी ती लवकर होत नाही, हे मात्र ती सांगतच नाही. सासूसमोर नाही आणि पुरुष डॉक्टरसमोर तर नाहीच. डॉक्टरला सर्वांत आधी कळायला हवी ती खूण अशी घरातच राहते.

यथावकाश पैसे जमतात, शहरात एमआरआय होतो. दुखते कंबर, म्हणून फोटोही कंबरेचा. त्यात एखादी चकती किंचित सरकलेली दिसते (ती पुष्कळ धडधाकट माणसांच्या फोटोतही दिसते) आणि ‘गादी सरकलीय’ हे निदान घेऊन मंडळी एस.टी.त बसतात. पण मज्जारज्जू मुळी कंबरेच्या तळापर्यंत पोचतच नाही! मोठ्या माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली उरतो तो घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुबका. रज्जूवरचे डाग असतात ते बहुधा मानेत किंवा छातीच्या मागे, आणि त्यांचा परिणाम उमटतो खाली पायांत. गावातल्या नळाला पाणी येईना म्हणून तोटी बदलून काय होणार, पाइप फुटलेला असतो वर शिवारात. म्हणून पायांचा जोर, बधिरपणा, लघवी यांपैकी काही बिघडले असेल तर मज्जासंस्थेच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावे आणि फोटो मानेचा व पाठीचाही लागेल का, हे स्पष्ट विचारावे. लघवी अडली किंवा पायांचा जोर झपाट्याने जात असेल तर फोटोची वाटही पाहू नये. त्याच दिवशी घाटी किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

वर जे डाग म्हटले, त्यांचे एक नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंवरचे वेष्टण कुरतडू लागते आणि ठिकठिकाणी घट्ट वण राहतात. पॅरिसच्या शार्कोने १८६८ साली या आजाराचे नीट वर्णन केले. तो तरुण वयात येतो, बायकांत अधिक. हा थंड देशांतल्या गोऱ्यांचा आजार, अशी आपल्याकडे बरीच वर्षे समजूत होती. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी भाटिया यांनी १९९० साली मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो बराच आढळत असल्याचे दाखवले. पुढे एमआरआय यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आली तसा तो इतरांतही दिसू लागला.

मात्र एवढ्याने निदान होत नाही. रिपोर्टवर ‘संशयित’ असा शब्द येतो आणि सारे घर त्या एका शब्दापाशी अडकते. बँकेत आम्ही ज्या रकमेचा पत्ता लागत नसे ती सस्पेन्स खात्यात टाकत असू. ती बुडाली असा त्याचा अर्थ नव्हे. व्हाउचर मिळेपर्यंत ती भलत्याच्या खात्यावर चढवायची नाही, इतकेच. डॉक्टरांचेही तसेच. २००१ साली ठरलेल्या आणि पुढे अनेकदा सुधारलेल्या मॅकडोनाल्ड निकषांचे मूळ सूत्र असे होते की, डाग एकाहून अधिक जागी हवेत आणि वेगवेगळ्या वेळी उमटल्याचा पुरावा हवा. त्यासाठी मेंदूचाही फोटो काढतात, कधी पाठीतले पाणी तपासतात.

ही चिकाटी उगाच नसते. मणक्याचा क्षय रज्जूवर दाब आणतो. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी रज्जू बिघडतो, आणि दूधदुभतेही बेताचेच असलेल्या शाकाहारी घरांत हे विसरून चालत नाही. ही दोन्ही दुखणी वेळेवर कळली तर औषधाने आटोक्यात येतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा तिसरा आजार तर फारच फसवा. त्यातला डाग सहसा तीन किंवा अधिक मणक्यांएवढा लांब असतो, मल्टिपल स्क्लेरोसिसचा बहुधा दोनांहून आखूड. रक्तातली त्याची खूण २००४ साली सापडली. मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे या आजाराच्या रुग्णाला दिली तर तो अधिक बिघडतो. घाईचे निदान इथे थेट अपाय करू शकते.

निदान पक्के झाले म्हणजे सारे संपले, असेही नाही. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉनला मान्यता मिळाली, तोवर या आजाराची वाटचाल बदलणारे औषधच नव्हते. आज अनेक आहेत. आजार मुळापासून जात नाही, पण झटके कमी होतात. औषधे महाग, हे खरेच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा आजार एकवीस प्रकारांत धरला आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. १९८५पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाही आहे.

आणि एक, माझ्यातला जुना बँकवाला सांगतो म्हणून. एमआरआयच्या फिल्म पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली घडी करून ठेवू नका. घडीची रेघ पडली की नेमकी ती जागा वाचता येत नाही. सपाट ठेवा, पाकिटावर तारीख घाला, सीडी दिली असेल तर तीही त्यातच ठेवा. पुढच्या फोटोतला डाग नवा की जुना, हे डॉक्टरला त्या पहिल्या फिल्मवरूनच ठरवायचे असते.