दार बंद, पण ॲप म्हणतंय ‘उघडं’! अलार्म आणि स्मार्ट होमच्या वायरिंगमधला दोष कसा शोधायचा?

बऱ्याच घरांत वायरचा जुना चोर-अलार्म असतो. दारावर चुंबकाचा सेन्सर, कपाटात पॅनेल, बाहेर भोंगा. हाच अलार्म मोबाईलवर दिसावा म्हणून आपण एक ईएसपी३२ बोर्ड आणतो, त्यात ईएसपीहोम टाकतो आणि तो होम असिस्टंटला जोडतो. जोडणी तासाभरात होते. खरा त्रास नंतर सुरू होतो. बंद दार उघडं दिसतं, रात्री दोन वाजता नोटिफिकेशन येतं, किंवा दार उघडलं तरी ॲप गप्पच.

मग आपण काय करतो? ॲप अपडेट करतो, राउटर बंद-चालू करतो. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, तरी सांगतो, इथे कोडला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी वायर तपासा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: खोटा अलार्म वैताग देतो, पण वायर तुटलेली असताना ‘सगळं ठीक’ दाखवणारा अलार्म जास्त धोकादायक असतो.

सेन्सर नेमकं काय करतो?

दाराचा सेन्सर म्हणजे काचेच्या नळीतला एक बारीक स्विच, ज्याला रीड स्विच म्हणतात. चुंबक जवळ आला की स्विच जुळतो, लांब गेला की सुटतो. काही मॉडेल्समध्ये हे बरोबर उलटं असतं. पाकिटावर एनसी लिहिलंय की एनओ, यावर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनी त्याचा अर्थ सारखाच घेते असं नाही.

बोर्डाच्या बाजूला पिनवर ३.३ व्होल्ट असतात. ते एका रेझिस्टरमधून येतात, त्याला पुल-अप म्हणतात. दार बंद असताना सेन्सर ही पिन ग्राउंडला जोडतो आणि व्होल्टेज शून्याजवळ येतं. दार उघडलं की परत ३.३. एवढाच खेळ आहे.

पायरी १: बोर्ड सोडवा, फक्त वायर तपासा

पॅनेलचा पुरवठा आणि बॅटरी काढा, सेन्सरच्या दोन्ही वायरी मोकळ्या करा. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर म्हणजे बीपच्या खुणेवर ठेवा. दार बंद केल्यावर बीप, उघडल्यावर शांतता, असं हवं. उलटं होत असेल तर सेन्सर बदला. ॲपमध्ये ‘इन्व्हर्टेड’ करून वेळ मारून नेऊ नका. तसं केलं की दिसायला सगळं बरोबर होतं, पण उद्या उंदराने वायर कुरतडली तर ॲप ‘दार बंद’ असंच म्हणत राहील.

बीपच येत नसेल तर मीटर ओहमवर घ्या. आकडा २.२, ४.७ किंवा ५.६ किलो-ओहमच्या आसपास असेल तर वायर ठीक आहे, लाइनच्या टोकाला रेझिस्टर बसवलेला आहे. कोणी वायरी एकमेकींना जोडून सेन्सर निकामी केला तर पॅनेलला कळावं म्हणून तो असतो.

पायरी २: पॅनेलचं व्होल्टेज मोजा

ही पायरी टाळली तर बोर्ड जळू शकतो. ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची आहे. अलार्म पॅनेल १२ व्होल्टवर चालतं आणि चार्जिंगवर असलेली त्याची बॅटरी १३.७ व्होल्टच्या आसपास असते. म्हणून पॅनेलला जोडलेल्या सेन्सरवर बोर्डही समांतर जोडू नका. सेन्सर एक तर पॅनेलचा, नाही तर बोर्डाचा.

पॅनेलकडून ‘अलार्म वाजला’ एवढाच निरोप हवा असेल, तर पॅनेलवर रिले आहे का बघा. रिलेचे मोकळे संपर्क म्हणजे साधा स्विच, तो थेट पिन आणि ग्राउंडला जोडता येतो. फक्त भोंग्याचे १२ व्होल्ट मिळत असतील तर मध्ये पीसी८१७ सारखा ऑप्टोकप्लर आणि १ किलो-ओहमचा रेझिस्टर घाला. त्यात आतल्या एलईडीला साधारण ११ मिलिअँपिअर मिळतात आणि दोन्ही सर्किटं वेगळी राहतात.

पायरी ३: पिन योग्य आहे का?

जीपीआयओ ३४ ते ३९ या पिनांना आतून पुल-अप नाही. कोडमध्ये लिहिलंत तरी तो चालू होत नाही. बाहेरचा रेझिस्टर नसेल तर पिन हवेत लटकते आणि वाटेल ते दाखवते.

जीपीआयओ ० वर दाराचा सेन्सर जोडला की गंमत होते. बोर्ड सुरू होताना ही पिन ग्राउंडला असेल तर तो प्रोग्रॅम टाकून घेण्याच्या मोडमध्ये जातो. म्हणजे लाईट जाऊन परत आली, तेव्हा दार बंद असेल, तर बोर्ड उठतच नाही! २, १२ आणि १५ या पिनांचाही सुरू होताना वेगळा उपयोग होतो, त्याही टाळा.

पायरी ४: मधलं व्होल्टेज

एका मित्राच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीचं दार ॲपवर सतत उघड-बंद होत होतं. वायर ठीक, सेन्सर ठीक. मी चालू बोर्डाच्या पिनवर मीटर लावला, तर दार बंद असताना १.१८ व्होल्ट. कारण हिशेबात होतं. जुन्या लाइनच्या टोकाला ५.६ किलो-ओहम आणि बोर्डाला १० किलो-ओहमचा पुल-अप. ३.३ व्होल्ट या दोघांत वाटले गेले. ईएसपी३२ साधारण ०.८ व्होल्टच्या खाली नक्की ‘शून्य’ आणि २.५ च्या वर नक्की ‘एक’ मानतो. मधल्या पट्ट्यात काय दिसेल याची खात्री नाही.

उपाय म्हणून तो रेझिस्टर काढला नाही, उलट त्याचा फायदा घेतला. पुल-अपही ५.६ किलो-ओहमचा केला आणि जीपीआयओ ३४ वर थेट व्होल्टेज वाचलं. आता १.६५ च्या जवळ म्हणजे दार बंद, ३ च्या वर म्हणजे दार उघडं किंवा वायर तुटलेली, आणि शून्याजवळ म्हणजे कोणीतरी वायरी जोडल्यात. व्होल्टेज वाचायला ३२ ते ३९ मधली पिनच घ्या. दुसऱ्या गटातल्या पिना वाय-फाय चालू असताना हे काम करत नाहीत.

पायरी ५: आता सॉफ्टवेअर

हे सगळं ठीक असूनही क्षणभर खोटा सिग्नल येत असेल, तर सेन्सरची वायर २३० व्होल्टच्या वायरीसोबत एकाच पाइपमधून गेलीय का बघा. दोन्ही वेगळ्या करा. ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मग ईएसपीहोममध्ये ५० मिलिसेकंदांचा डिले फिल्टर लावा. वायरचा दोष झाकायला पाच-दहा सेकंदांचा डिले लावू नका, तेवढ्यात माणूस आत येऊन दार लावूनही घेतो.

शेवटी या तीन चाचण्या कराच

१. दार बंद ठेवून एक वायर सोडवा. ॲपने लगेच ‘उघडं’ म्हटलं पाहिजे.

२. रेझिस्टर असलेल्या लाइनच्या दोन वायरी बोर्डाजवळ एकमेकींना टेकवा. इशारा आला पाहिजे.

३. मेन स्विच बंद करा. पॅनेल बॅटरीवर चालेल, पण राउटर, बोर्ड आणि होम असिस्टंट चालू राहतात का? नसतील तर तिन्ही यूपीएसवर घ्या. परत चालू केल्यावर बोर्ड आपोआप उठतो का, तेही बघा.

या चाचण्या दर दोन-तीन महिन्यांनी करा. पहिली तर पाच मिनिटांची आहे: एक स्क्रू सैल करायचा, फोन बघायचा, स्क्रू परत घट्ट करायचा.