चाल नाचायची, बोल घाबरल्याचे: ‘डूकी’ तीस वर्षांनंतरही का ऐकतात?

धाराशिवमधून बोलतोय. वाचताय तो आजच्या भागाचा उतारा आहे. कुणाचा डेटा संपलेला असतो, कुणी अभ्यासिकेत बसलेलं असतं, त्यांच्यासाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय ना’ तेवढे काढलेत.

मार्च २०२५ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘लोलापलूझा इंडिया’ महोत्सव झाला. त्यात ‘ग्रीन डे’ हा अमेरिकन बँड वाजवून गेला. बँडमधली तिघंही पन्नाशी ओलांडलेली. पण लोकांना त्यांच्याकडून हवी असतात ती त्यांनी विशीत केलेली गाणी. त्यातली बरीचशी एकाच अल्बममध्ये आहेत, ‘डूकी’. आजचा प्रश्न एवढाच, की हा अल्बम ऐकताना इतकं भारी का वाटतं? कारण गाण्यांत सांगितलेल्या गोष्टी बघितल्या, तर त्यात भारी वाटण्यासारखं काहीच नाही.

आधी ओळख. ‘डूकी’ आला १ फेब्रुवारी १९९४ ला. त्या दिवशी बिली जो आर्मस्ट्राँग (गायन आणि गिटार), माइक डर्न्ट (बेस) आणि ट्रे कूल (ड्रम), तिघंही २१ वर्षांचे होते. १४ गाणी, शेवटी एक लपवून ठेवलेलं गाणं, सगळं मिळून साधारण ३९ मिनिटं. धाराशिवहून तुळजापूरची एसटी धरली, तर तुळजापूर येईपर्यंत अल्बम संपत येतो. नावाचा अर्थ लहान पोरांच्या भाषेत ‘शी’. दौऱ्यावर असताना खराब खाऊन पोट बिघडायचं, त्यावरून पडलेलं नाव. म्हणजे पोरं स्वतःला फार मोठं समजत नव्हती.

बिली जो रोडिओ नावाच्या छोट्या गावातला. कॅलिफोर्नियातलं हे गाव, शेजारी तेल शुद्ध करायचा कारखाना. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझही वाजवायचे. हा दहा वर्षांचा असताना ते कर्करोगानं गेले. आई हॉटेलात वाढपी. गावात करण्यासारखं काही नाही, बाहेर जायला खिशात पैसे नाहीत. आपल्यातल्या अनेकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या पोरांना जागा मिळाली बर्कली शहरात, ९२४ गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर. पत्ता हेच त्या क्लबचं नाव. स्वयंसेवकांनी चालवलेला, कुठल्याही वयाच्या पोरांना प्रवेश, दारू बंद. वर्णभेद, बायकांचा अपमान, मारामारी चालणार नाही, असे नियम. मोठ्या कंपनीशी करार केलेला बँड तिथं वाजवू शकत नव्हता. पुढं ग्रीन डेनं रिप्राइज या मोठ्या कंपनीशी करार केला आणि ज्या जागेनं त्यांना वाढवलं, तिचंच दार त्यांना बंद झालं. ते पुन्हा उघडलं थेट २०१५ मध्ये, मदतनिधीच्या एका कार्यक्रमासाठी.

आता पॉप-पंक म्हणजे काय, ते सोपं करून सांगतो. पंक म्हणजे कमी सूर, जास्त वेग, जास्त राग. न्यूयॉर्कच्या ‘रमोन्स’ या बँडचा १९७६ चा पहिला अल्बम घ्या. १४ गाणी आणि सगळी अर्ध्या तासाच्या आत संपतात. पॉप-पंकनं हा वेग तसाच ठेवला आणि त्यावर गुणगुणता येईल अशी गोड चाल बसवली. गिटार ओरडते, पण गळा गातो. एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा तुम्ही सोबत म्हणायला लागता, शब्द कळले नाहीत तरी.

याच्या मागं तीन साध्या युक्त्या आहेत.

पहिली, पॉवर कॉर्ड. आपल्या भाषेत सांगायचं तर गिटारवर फक्त सा आणि प वाजवायचे, ग गाळायचा. शुद्ध ग लावला तर सूर खुलतो, कोमल ग लावला तर उदास होतो. ग नसला की गिटार कुठल्याच बाजूची राहत नाही, नुसता दणका देते. मग आनंद की दुःख, हे ठरवायचं काम गाणाऱ्यावर येतं.

दुसरी, दाबणं आणि सोडणं. कडव्यात उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून वाजवतात, त्यानं आवाज बसका आणि कोंडलेला येतो. ध्रुवपद आलं की हात उचलतात आणि तारा मोकळ्या सुटतात. बंद खोलीचं दार कुणी लाथेनं उघडावं, तसं होतं. हा सुटकेचा क्षण एका गाण्यात तीन-चारदा येतो आणि शरीराला त्याची सवय लागते.

तिसरी, ड्रम. ‘बास्केट केस’ हे यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं मिनिटाला १७० ठोक्यांच्या आसपास धावतं. सुरुवातीला मात्र फक्त बिली जोचा गळा आणि त्याची कोंडलेली गिटार. पहिल्या ध्रुवपदाच्या मध्यावर ट्रे कूल आणि माइक आत घुसतात. गोंधळात आधी नुसतं तुणतुणं चालू असतं आणि मग संबळ पडतं, तेव्हा बसल्या जागी मान हलते ना? तेच इथं.

आता मुद्द्याचं. ‘बास्केट केस’ आहे कशाबद्दल? भीतीच्या झटक्यांबद्दल. छातीत धडधड, डोक्यात नको नको ते विचार आणि ‘मला वेड तर लागत नाहीये ना?’ ही शंका. गाणं लिहिलं तेव्हा बिली जोला या त्रासाचं नावही ठाऊक नव्हतं. पॅनिक डिसऑर्डर हे निदान त्याला नंतर मिळालं. त्यानंच पुढं सांगितलंय की आपल्याला काय होतंय, हे समजून घ्यायचा तेव्हा एकच मार्ग होता, त्यावर गाणं लिहिणं.

‘लाँगव्ह्यू’ घ्या. काम नाही, टीव्हीसमोर दिवस चाललाय, आणि आपलीच आपल्याला किळस आलीय. ‘वेलकम टू पॅरडाइज’मध्ये घर सोडून पडक्या वस्तीत राहायला गेलेला पोरगा आहे. आधी घाबरलेला, मग त्याच वस्तीला आपलं म्हणणारा. ‘कमिंग क्लीन’मध्ये १७ व्या वर्षी स्वतःच्या लैंगिक ओळखीशी झगडणं आहे, घरच्यांना सांगता न येणारं. एकेक विषय असा, की घरात काढला तर जेवणं थांबतील.

आणि या सगळ्याला चाल मात्र नाचायची. मला वाटतं, अल्बमची ताकद इथंच आहे.

आपल्या शेजारचं उदाहरण देतो. २०१६ चा ‘सैराट’ आपल्या परंड्याला लागून असलेल्या करमाळा भागात शूट झाला. अजय-अतुलची चारही गाणी पहिल्या अर्ध्यात येतात. ‘झिंगाट’वर आपण वरातीत नाचतो, आणि त्या सिनेमाचा शेवट आठवला की गप्प होतो. तिथं आनंद गाण्यात आणि दुःख सिनेमात, असे दोन कप्पे आहेत. ‘डूकी’त कप्पेच नाहीत. तीन मिनिटांच्या एकाच गाण्यात पाय नाचतात आणि तोंड रडगाणं सांगतं.

हलगी बघा. शेकोटीवर तापवून ताणलेलं तेच कातडं, त्याच काड्या. लग्नाच्या वरातीत वाजते, जत्रेत वाजते आणि कितीतरी गावांत माणसाच्या शेवटच्या प्रवासातही वाजते. तिथं कुणी विचारत नाही की मयताला ठेका कशाला. कारण एकट्याला न पेलणारी गोष्ट चारचौघांत पेलायची असेल, तर सगळ्यांची पावलं एका लयीत पडावी लागतात. ठेका ते काम करतो. महालक्ष्मीसारख्या मैदानात हजारो लोक ‘मला भीती वाटते’ हे एका सुरात ओरडतात, तेव्हा वेगळं काय होतं? स्वतःच्या खोलीत लपवलेली गोष्ट शेजारच्याच्या तोंडून ऐकू येते. मग ती लाज राहत नाही.

हे मी उगाच ताणत नाहीये. आपल्या जिल्ह्यात पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी किती पोरं-पोरी आहेत, ते अभ्यासिकांच्या बाहेर लागलेल्या गाड्या बघून कळतं. वर्ष वर्ष निकालाची वाट. रात्री धडधड सुरू झाली, की सांगायचं कुणाला? घरी सांगितलं तर ‘टेन्शन घेऊ नको’, मित्राला सांगितलं तर ‘येडा झाला का’. तिसरं उत्तर फारसं मिळतच नाही. हा अल्बम ते तिसरं उत्तर देतो: ‘मलाबी होतंय, चल, मोठ्यानं म्हणू.’

यावर एक आक्षेप असतो. मोठ्या कंपनीनं विकलेलं पंक, गोड करून बाटलीत भरलेला राग. गिलमनच्या पोरांचा राग खोटा नव्हता. त्यांनी पैशाविना जपलेली जागा होती, तिला धोका होता. पण दुसरी बाजूही आहे. कंपनीनं तो लाखोंच्या हातात दिला नसता, तर तो बर्कलीच्या एका गल्लीतच राहिला असता. चाल गोड आहे म्हणून बोल दूरवर गेले. कडू गोळीला साखरेचा थर असतो, तसं.

एक गोष्ट मात्र पक्की धरा. गाणं म्हणजे उपचार नव्हे. बिली जोलाही फक्त गाणं पुरलं नाही, निदान लागलंच. धडधड, झोप न लागणं, जीव नकोसा होणं असं चालू असेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत आहे, कधीही लावा, मराठीत बोला.

आता ऐकायचं कसं? फोनच्या स्पीकरवर नको. तिथं बेस मरतो, आणि ‘लाँगव्ह्यू’ तर माइकच्या बेसवरच उभं आहे. साधे वायरवाले इअरफोन चालतील. आधी ‘बास्केट केस’ ऐका, शब्दांकडं लक्ष न देता, नुसतं दार कधी उघडतं ते बघा. मग शब्द समोर ठेवून पुन्हा ऐका. मग ‘व्हेन आय कम अराउंड’, थोडं संथ, दम घ्यायला. आवडलं तर पहिल्यापासून सलग लावा.

आणि तुमच्याकडं असं कुठलं मराठी गाणं आहे का, ज्यावर तुम्ही नाचलात आणि अर्थ मात्र नंतर कळला? आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात वाजवू. भेटू मग.