ग्रंथातील डाव आणि हौद्यातील डाव: कडेगाव परिसराच्या निमित्ताने मध्ययुगीन मल्लविद्येचा विचार

कऱ्हाडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडेगाव लागते. त्याच्या पश्चिमेस, कऱ्हाडला लागून, ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांचे गोळेश्वर आहे. दक्षिणेस कुस्तीच्या मैदानासाठी प्रसिद्ध असलेले कुंडल आणि आणखी खाली, सांगलीजवळ, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या मारुती माने यांचे कवठेपिरान आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. तेव्हा कडेगाव दक्षिण साताऱ्यात आले आणि १९६० मध्ये त्याच जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. गोळेश्वर मात्र साताऱ्यातच राहिले. कुस्तीने ही सीमा कधी मानली नाही. दोन्ही जिल्ह्यांतील मल्ल एकमेकांच्या मैदानांत उतरत आले आणि दोन्हीकडील होतकरू मुले कोल्हापूरच्या तालमींची वाट धरीत आली.

या भूभागातील कुस्तीचा विचार सामान्यतः पराक्रमाच्या अंगाने होतो: कोणी कोणास किती मिनिटांत चीत केले, गदा कोणी पटकावली. विद्या या दृष्टीने तिचा विचार क्वचितच होतो. येथे पाहावयाचा प्रश्न असा, की मध्ययुगात जी मल्लविद्या लिहून ठेवली गेली तिचा आजच्या कुस्तीशी आणि इतर द्वंद्वविद्यांशी नेमका संबंध कोणता? मध्ययुगीन युरोपातील कुस्तीग्रंथ शेजारी ठेवले म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. कारण तेथे जे घडले ते येथे घडलेल्याच्या बरोबर उलट आहे.

युरोपात ग्रंथ राहिले, परंपरा बहुतांशी तुटली. इटलीतील फ्रिउली प्रांताचा शस्त्रगुरू फिओरे देई लिबेरी याने १४०९-१० च्या सुमारास फेर्राराच्या निक्कोलो द'एस्ते याच्यासाठी सचित्र ग्रंथ सिद्ध केला. त्यात कुस्तीचे प्रकरण आरंभी येते. खंजीर, तलवार व भाला यांची प्रकरणे त्यानंतर. हा क्रम सहज आलेला नाही. शरीराला शरीर भिडल्यावर तोल कसा राखावा आणि कसा मोडावा, हे ज्यास कळले त्यासच शस्त्र शिकवावे, अशी त्यामागील दृष्टी आहे. कुस्ती दोन प्रकारची, एक मनोरंजनाची व दुसरी जीव वाचविण्याची, असा भेदही तो आरंभीच करतो. जर्मन भाषिक प्रदेशात ऑस्ट्रियाच्या सरदारांचा कुस्तीशिक्षक म्हणून ज्याचा निर्देश येतो त्या ओट नावाच्या यहुदी गुरूची शिकवण पंधराव्या शतकातील अनेक हस्तलिखितांत उतरली. १५३९ मध्ये विटेनबर्ग येथे फाबियान फोन आउअर्सवाल्ड याचा पंच्याऐंशी डावांचा ग्रंथ क्रानाख याच्या चित्रशाळेतील चित्रांसह छापला गेला. १६७४ मध्ये निकोलास पेटर याचा ग्रंथ ॲम्स्टरडॅमला निघाला. त्यानंतर हा प्रवाह क्षीण होत गेला. आइसलँडमधील ग्लिमा, ब्रिटनीमधील गुरेन, स्वित्झर्लंडमधील श्विंगन अशा काही लोककुस्त्या टिकल्या. परंतु ग्रंथांतील विद्येचे गुरू उरले नाहीत. आज 'ग्रीको-रोमन' या नावाने ओळखली जाणारी कुस्ती प्राचीन ग्रीसमधून आलेली नाही आणि या मध्ययुगीन ग्रंथांतूनही नव्हे. ती एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सची निर्मिती आहे. नाव मोठे आणि वंशावळ आखूड, असा हा प्रकार.

गेल्या तीन-चार दशकांत युरोप-अमेरिकेतील काही मंडळींनी हे ग्रंथ पुन्हा उघडून त्यांतील डाव प्रत्यक्ष करून पाहण्याचा उद्योग आरंभिला. त्यांच्यापुढील मुख्य अडचण उद्बोधक आहे. चित्र एक क्षण दाखविते. त्या क्षणाच्या आधी पाय कोठे होता, वजन कोणत्या टाचेवर होते, हे चित्र सांगत नाही. सोबतचा मजकूर दोन-चार ओळींचा, आणि तोही ज्यास बरेचसे आधीच ठाऊक आहे अशाला उद्देशून लिहिलेला. त्यामुळे या मंडळींना ज्युदो व आधुनिक कुस्ती जाणणाऱ्यांकडे वळावे लागले. मध्ययुगीन ग्रंथ आधुनिक मल्लास काय शिकवितात असा प्रश्न नेहमी विचारला जातो; वस्तुतः आधुनिक मल्ल मध्ययुगीन ग्रंथास वाचा देतो, असेच पुष्कळदा दिसते.

दक्षिणेत याच्या उलट घडले. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११२९ ते ११३१ या काळात 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' हा ग्रंथ रचला. त्याचा पिता सहावा विक्रमादित्य याने कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी, चंद्रलेखेशी, केलेल्या विवाहाचे वर्णन बिल्हणाने केले आहे. म्हणजे ज्या राजसत्तेत हा ग्रंथ निर्माण झाला तिचा कडेगावच्या परिसराशी दूरान्वयाचा संबंध नव्हता. ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत राजाचे वीस विनोद वर्णिले आहेत. त्यांत शस्त्रधारी द्वंद्वाचा अंकविनोद, त्यानंतर मल्लविनोद आणि लगेच कोंबड्यांच्या झुंजीचा कुक्कुटविनोद असा क्रम लागतो. या क्रमावरूनच ग्रंथकाराची भूमिका लक्षात यावी. तो आखाड्यात नाही, प्रेक्षागारात बसला आहे. मल्लांचे वय, देह व बळ यांवरून पाडलेले वर्ग, त्यांचा आहार, व्यायाम, मल्लस्तंभाचा उल्लेख, हे सारे तो तपशिलाने देतो. कारण मल्लांना पोसणारा राजा तोच. परंतु डावांपाशी आल्यावर तो नावे देतो आणि पुढे जातो. डाव कसा करावा हे सांगण्याची त्यास गरज नव्हती. करणारे त्याच्या पुढ्यात होते.

गुजरातेतील मोढेरा परिसराच्या ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांचे 'मल्लपुराण' ही या विषयातील दुसरी महत्त्वाची कृती होय. सांडेसरा व मेहता यांनी तिचे संपादन करून १९६४ मध्ये बडोद्याहून ती प्रसिद्ध केली. ही विद्या श्रीकृष्णाने दिली असे सांगून ती एका ज्ञातीच्या व्यवसायास प्रतिष्ठा देते. आखाड्याची सिद्धता, ऋतूंनुसार आहार, व्यायामाचे प्रकार यांविषयी तिची माहिती मोलाची आहे. येथेही डावांचे वर्णन आउअर्सवाल्डच्या पद्धतीचे नाही. ते जाणत्या कुळासाठी केलेले टाचण आहे. राजा, ज्ञाती आणि शिक्षक या तिघांनी एकाच विद्येविषयी लिहिले तरी तीन निराळे ग्रंथ होतात, आणि अभ्यासकाने कोणत्या ग्रंथाकडून काय मागावे हे त्यावर अवलंबून राहते.

नुसत्या नावांवरून डाव का उमगत नाही, हे पाहण्यासाठी बाराव्या शतकात जावयास नको. आजच्या मैदानांच्या वृत्तांतात येणारी नावे घ्यावीत: ढाक, टांग, पट, घिस्सा, बांगडी, मोळी, झोळी, कलाजंग, बगलडूब, धोबीपछाड. उद्या तालमी बंद पडल्या आणि पाचशे वर्षांनंतर एखाद्या विद्वानाच्या हाती केवळ ही यादी लागली, तर तो मोळीचा संबंध सरपणाशी आणि बांगडीचा स्त्रियांच्या अलंकारांशी जोडून एखादी चतुर उपपत्ती मांडील. धोबीपछाड कदाचित त्यास उलगडेल. पण प्रतिस्पर्ध्याचा हात ओढून घेऊन त्यास पाठीवरून पुढे आपटताना गुडघे केव्हा वाकवावयाचे, हे त्या नावात नाही. 'मानसोल्लास' वाचणाऱ्याची स्थिती याहून फारशी निराळी नसते. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून दहा खंडांत काढलेल्या 'व्यायामज्ञानकोशा'चे महत्त्व यामुळेच मोठे आहे. या विद्येची मराठीत एवढ्या विस्ताराने नोंद करण्याचा तो मोठाच प्रयत्न होता, आणि त्याची आठवण आज विद्यापीठांतून फारशी निघत नाही.

डावांतील साम्याचा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रतिस्पर्ध्याच्या मानेभोवती हात टाकून, आपली कंबर त्याच्या पोटाखाली घालून त्यास फेकणे, म्हणजे ढाक. कंबरेवरून फेकण्याचे डाव जर्मन ग्रंथांत आहेत आणि ज्युदोमध्ये त्यांचा स्वतंत्र वर्गच आहे. बगलेखाली शिरून, एक हात मांड्यांमध्ये घालून प्रतिस्पर्ध्यास खांद्यांवर उचलणे, म्हणजे कलाजंग. ज्युदोमधील 'काता गुरुमा' तो हाच. यावरून कोणी कोणाकडून घेतले याचे तर्क लढविण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. मनुष्याच्या देहास सांधे ठराविक आहेत आणि त्याचा तोल जाण्याच्या दिशाही ठराविक आहेत. ईजिप्तमध्ये बेनी हसन येथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवर रंगविलेल्या शेकडो मल्लजोड्या पाहिल्या तरी ओळखीचे डाव दिसतात. साम्य हे देहाचे आहे. भेद नियमांमुळे, भूमीमुळे आणि वस्त्रामुळे पडतात, आणि इतिहासाच्या अभ्यासकाचे खरे क्षेत्र हे भेद होत.

खाशाबा जाधव यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गोळेश्वरच्या मातीत, वडिलांच्या हाताखाली त्यांची कुस्ती घडली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते गादीवर उतरले तेव्हा गादीही नवी होती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळविले. चार वर्षांनी, जुलै १९५२ मध्ये, हेलसिंकी येथे बँटमवेट गटात ते कांस्यपदकाचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा हुकमी डाव ढाक हा मातीतलाच होता. या चार वर्षांत डाव बदलला नाही. तो कोणत्या वेळी टाकावा, आणि तो फसल्यास पुढील क्षणी काय करावे, याचा हिशेब बदलला. त्याच गटात सुवर्णपदक मिळविणारा जपानचा शोहाची इशी हा मूळचा ज्युदोपटू. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आल्यामुळे तो कुस्तीकडे वळला होता. एका लाल मातीतला आणि दुसरा ज्युदोच्या तातामीवरचा, असे दोन परंपरांचे वारस हेलसिंकीच्या गादीवर एकमेकांसमोर उभे राहिले, ते तिसऱ्याच कोणाच्या नियमांनी.

नियम डावांची निवड करतात. निकाली कुस्तीत पाठ लागेपर्यंत झुंज चालते. त्यामुळे खाली धरून दमविणारे, मानेवर घिस्सा घालून हळूहळू उलटविणारे डाव तेथे टिकतात. गुणांच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन डावखंड आणि पायांत शिरून पाडल्याचे दोन गुण. तेथे पट काढणाऱ्याचे राज्य येते. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून त्यांच्या विजेत्यांमध्ये अखेरची लढत लावण्याची रीत पडली. अभ्यासकास ही एक आयती प्रयोगशाळाच म्हणावी लागेल: तेच मल्ल, तीच भाषा, तेच वस्ताद, आणि नियम दोन. फिओरेने केलेला मनोरंजनाची कुस्ती आणि जीव वाचविण्याची कुस्ती हा भेदही अखेर नियमांचाच भेद आहे. बोट उलटे मोडणे अथवा कोपर तोडणे हे त्याच्या ग्रंथात आहे. तालमीत ते निषिद्ध आहे. म्हणून त्या डावांचे ज्ञान येथे कधी नव्हते असा निष्कर्ष काढता येणार नाही.

ग्रंथातून डाव मुळीच जिवंत होत नाही, असेही नव्हे. ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो हे तरुणपणी एका दांडग्या सहाध्यायास पाडू शकत नव्हते. त्यांनी सुमो कुस्तीतील डाव अजमावून पाहिले, पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली आणि त्यांतूनच 'काता गुरुमा' बसवून त्या सहाध्यायास उचलून टाकले. हे उदाहरण पुस्तकाच्या बाजूचे दिसते. पण कानो यांचा देह जुजुत्सूच्या तालमीत आधीच घडला होता, हे विसरता येत नाही. पुस्तकाने त्यांस एक वळण दाखविले. चालता त्यांना येतच होते.

कडेगाव, कुंडल, कऱ्हाड या पट्ट्यातील तालमींत जे ज्ञान आहे ते अशा चालणाऱ्या देहांत आहे, आणि त्याची नोंद करावयाची झाल्यास युरोपीय ग्रंथांपासून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नुसत्या डावाच्या चित्रावर ते थांबत नाहीत. जर्मन ग्रंथांत डावामागोमाग त्याचा 'ब्रुख' येतो. या शब्दाचा अर्थ मोडणे. मराठी तालमीत त्यासच 'तोड' म्हणतात. दोन दूरच्या भाषांनी एकाच क्रियेसाठी एकाच अर्थाचा शब्द निवडावा, हे मौजेचे आहे. फिओरेने तर चित्रांतच खूण योजिली: गुरूच्या मस्तकी मुकुट, डाव करणाऱ्या शिष्याच्या गुडघ्याखाली पट्टा, आणि डावाची तोड दाखविणाऱ्याच्या अंगी मुकुट व पट्टा दोन्ही. कोणाचा डाव चालू आहे आणि कोणाचा मोडत आहे, हे चित्र पाहताक्षणी कळते. 'मानसोल्लासा'च्या यादीत, आणि आजच्या वृत्तपत्रांतील वृत्तांतांतही, जिंकणाऱ्या डावाचेच नाव येते. तोडीचे येत नाही. तालमीत मात्र वस्ताद पोरास ढाक दाखवितो, दोन-चार वेळा करवून घेतो, आणि मग दुसऱ्या पोरास पुढे बोलावून सांगतो, आता हा ढाक टाकील, तू कंबर मागे काढ.