एआय चिपचं गणित कारखान्याआधीच तपासतात, ते कसं?

1994 मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकार चुकतोय, हे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी दाखवून दिलं. चूक क्वचितच व्हायची. तरी कंपनीला 47.5 कोटी डॉलरचा फटका बसला. तयार चिपमधलं सर्किट नंतर बदलता येत नाही ना!

एआय चिपमध्ये तर गुणाकार-बेरजेची हजारो युनिट्स असतात. 32 बिटांच्या दोन आकड्यांच्या सगळ्या जोड्या, सेकंदाला 100 कोटी या वेगाने तपासल्या तरी जवळपास 585 वर्षं लागतील. म्हणून ‘फॉर्मल व्हेरिफिकेशन’. एकेक आकडा घालून बघत बसायचं नाही. सर्किट ठरलेला नियम मोडूच शकत नाही, हे सॉफ्टवेअरने गणिताने सिद्ध करायचं. मोडत असेल तर कुठल्या आकड्यांवर, तेही कळतं. मात्र नियम लिहितो माणूसच. एखादा लिहायचा राहिला, तर तिथली चूक सॉफ्टवेअरला दिसत नाही.